‘हळद चालेल का?’ : केमोथेरपीच्या काळातील एका पूरक वनस्पती-अर्काचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील, कृष्णाकाठच्या एका गावात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या शेतकरी गृहिणी आहेत. त्यांची आणि कुटुंबाची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत. मी त्या काळात मिरजेतील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात फार्मासिस्ट होतो आणि या प्रकरणातील एक चूक माझी स्वतःची आहे. ती पुढे येईलच.

घरची शेती चार एकर, त्यातील दीड एकर हळद आणि बाकी ऊस. अक्षय तृतीयेच्या सुमारास गड्डे लावायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी करायची, हळद शिजवून वाळवायची, पॉलिश करून सांगलीच्या यार्डात न्यायची, हे या घराचे तीन पिढ्यांचे वर्ष. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण हरिपूरच्या पेवांमध्ये जमिनीखाली हळद साठवणाऱ्या या मुलखात तिचा मान त्याआधीच पक्का होता. हे सांगण्याचे कारण असे, की या घरात हळद ही भाजीत पडते, जखमेवर बसते, खोकल्यावर दुधात जाते, लग्नात अंगाला लागते आणि वर्षाचा हिशोबही तिच्यावरच उभा राहतो. तिला ‘औषध’ म्हणण्याची वेळ कधी आलेली नाही. रुग्णालयातील अर्जावर जेव्हा ‘इतर कोणती औषधे घेता का?’ असा प्रश्न येतो, तेव्हा अशा घरातून ‘नाही’ हे उत्तर अगदी प्रामाणिकपणे येते.

उजव्या स्तनातील गाठीचे निदान झाले तेव्हा आजार दुसऱ्या टप्प्यात होता. शस्त्रक्रिया झाली, काखेतील दोन गाठींमध्ये कर्करोगाच्या पेशी आढळल्या, आणि गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी निघाली. उपचाराची आखणी अशी होती: दर तीन आठवड्यांनी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड यांच्या चार फेऱ्या, त्यानंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे पॅक्लिटॅक्सेलच्या बारा फेऱ्या, मग रेडिएशन, आणि शेवटी काही वर्षे टॅमॉक्सिफेन या संप्रेरकांचा परिणाम अडवणाऱ्या औषधाची रोजची गोळी. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी रुग्णाची मुलगी औषधांच्या खिडकीशी आली. आईचे तोंड सोलले होते, अन्न गिळवत नव्हते. मी मिठाच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या कशा करायच्या ते समजावून सांगितले. जाता जाता तिने विचारले, “सर, हळद चालेल का?” मागे रांग होती. मी म्हणालो, “चालेल की. घरचीच आहे, हळदीनं काय होतंय?” एवढेच बोलणे झाले. मी हळदीच्या दुधाचा विचार करत होतो. ती कशाचा विचार करत होती, हे मी विचारले नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

पहिल्या चार फेऱ्या ठरल्या वेळी पार पडल्या. पॅक्लिटॅक्सेल सुरू करण्यापूर्वीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारा घटक, ७१ आले. उपचारापूर्वी ते २८ होते आणि आमच्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० होती. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य, सामान्य होते. आधीच्या औषधांनी यकृतावर थोडा ताण आला असेल, असे समजून पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय चुकीचा नव्हता, कारण एवढ्या वाढीवर उपचार थांबवत नाहीत. परंतु ती वाढ कशामुळे असेल, असे कोणी विचारायला हवे होते, आणि ते कोणीही विचारले नाही.

चौथ्या पॅक्लिटॅक्सेलच्या सकाळी एसजीपीटी ३८६, त्याच्याच जातीचे एसजीओटी २९१ आणि बिलिरुबिन २.१ आले. रुग्णाला विचारल्यावर कळले, की दहा-बारा दिवसांपासून भूक मेली होती, फोडणीचा वास सहन होत नव्हता आणि लघवी गडद पिवळी होत होती. लघवीचे त्यांनी आधी का सांगितले नाही, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “मला वाटलं हळदीचा रंग उतरतोय.”

या वाक्यापाशी मी थबकलो. भाजीतल्या हळदीने लघवी पिवळी होत नाही, हे हळद पिकवणाऱ्या बाईला माहीत असणार. म्हणजे त्यांच्या पोटात जाणारी हळद भाजीतली नव्हती.

त्या दिवशीचे इंजेक्शन थांबवले. विषाणूजन्य काविळीच्या तपासण्या झाल्या. हिपॅटायटिस बी दबलेल्या अवस्थेत असेल तर केमोथेरपीत पुन्हा उसळू शकतो, म्हणून त्याची प्रतिपिंडेही तपासली. सर्व निकाल नकारात्मक आले. सोनोग्राफीत यकृतावर किंचित चरबी होती. गाठी नव्हत्या आणि पित्तमार्गात अडथळा नव्हता. आजार यकृतात पसरला आहे का, ही कुटुंबाची आणि आमचीही सर्वांत मोठी भीती होती, ती दूर झाली. मग मी केसपेपर काढला. ‘सहऔषधे’ या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘नाहीत’ असे लिहिले होते.

पिशवीत काय होते

रुग्णाच्या यजमानांना मी एवढेच सांगितले, की वहिनींच्या तोंडात जेवणाखेरीज जे जे जाते, ते सगळे एका पिशवीत घालून उद्या आणा. पूड असो, पाला असो, बाटली असो, कोणीही रागावणार नाही. दुसऱ्या दिवशी ते बाजाराची कापडी पिशवी घेऊन आले.

पिशवीत सर्वांत वर कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतील पिवळ्या घटकाच्या, कॅप्सूलची बाटली होती, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने ऑनलाइन मागवलेली. प्रत्येक कॅप्सूलमध्ये ९५ टक्के शुद्धतेचा ५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि ५ मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतील तिखट घटक. रोज दोन कॅप्सूल. त्या तिसऱ्या फेरीनंतर सुरू झाल्या होत्या, म्हणजे आठ आठवडे झाले होते. त्याखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गुळवेलीच्या कांड्या होत्या. बांधावरच्या कडुनिंबावर चढलेल्या वेलीच्या. त्यांचा काढा पहिल्या फेरीपासून रोज सकाळी अनशापोटी. मग एका पुडीत लक्ष्मीतरूचा वाळका पाला, जो आठवड्यातून दोन-तीनदा उकळला जाई. सासूबाई कुंडीत गव्हांकुर लावून त्याचा रस काढत होत्या. शेवटी पॅरासिटामॉलची अर्धी पट्टी निघाली; ती मात्र आमचीच होती.

यातील कर्क्युमिनच्या कॅप्सूलविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या ‘चालेल की’ या उत्तराने परवानगी दिली ती तिलाच. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद मिळून साधारण दोन ते पाच टक्के असतात. घरात एका माणसाच्या पोटात दिवसाला दोन-तीन ग्रॅम हळद जाते असे धरले, तर कर्क्युमिनचा आकडा शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो. दोन कॅप्सूलमध्ये ते साडेनऊशे मिलिग्रॅम होते. म्हणजे कर्क्युमिनच्या हिशोबाने साधारण वीस ते पन्नास ग्रॅम हळदपूड रोज, जी कोणतीही सुगरण एका माणसाच्या ताटात घालणार नाही.

आणि खरा फरक तर त्याहून पुढचा आहे. नुसते कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून बाहेर टाकते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिले, तर माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता वीसपट वाढते. बाटलीवर हीच गोष्ट ‘उत्तम शोषण’ म्हणून ठळक छापली होती. पिपरिन हे साधते ते यकृताचे रूपांतराचे काम मंदावून, आणि हे काम फक्त कर्क्युमिनपुरते मंदावत नाही. फेनिटॉइन आणि प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी पिपरिनने वाढल्याचे माणसांवरील अभ्यासांत दिसले आहे. पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर जाते ते यकृतातील ज्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) आणि वाहक प्रथिनांच्या मदतीने, त्यांतील काहींना पिपरिन प्रयोगशाळेत अडवते. त्यामुळे पॅक्लिटॅक्सेल रेंगाळण्याची शक्यता नाकारता येत नाही, यापलीकडे या प्रकरणात मी काही म्हणणार नाही.

यकृताला होणारी इजा मात्र केवळ शक्यतेची गोष्ट राहिलेली नाही. हळदीच्या पूरक उत्पादनांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेतील एका बहुकेंद्री गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. म्हणजे तीच कॅप्सूल एकाला पचते आणि दुसऱ्याला बाधते, याचा उलगडा बहुधा जनुकांत आहे. गुळवेलीबाबत मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की दुसऱ्याच जातीची वेल गुळवेल समजून घेतली गेली असावी. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा होता, म्हणून पिशवीतील कांड्या आम्ही तपासून घेतल्या; त्याविषयी पुढे.

आमच्यासमोरचे पर्याय

कर्करोगतज्ज्ञ, त्यांचे सहायक आणि मी असे तिघे बसलो. पहिला विचार पॅक्लिटॅक्सेलचाच दोष मानून ते सोडण्याचा आणि औषध बदलण्याचा होता. पॅक्लिटॅक्सेलने यकृताचे आकडे वाढू शकतात, हे खरे. पण तसे केले असते, तर या रुग्णासाठी सर्वांत खात्रीचे औषध आम्ही तीनच फेऱ्यांत गमावले असते, आणि पिशवी तशीच घरी चालू राहिली असती. दुसरा पर्याय मात्रा कमी करून उपचार चालू ठेवण्याचा होता. बिलिरुबिन वाढलेले असताना डॉक्टरांनी तो लगेच बाजूला ठेवला, कारण अशा यकृतातून पॅक्लिटॅक्सेल हळू बाहेर पडते आणि रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.

मग उरला तो थांबण्याचा पर्याय: इंजेक्शनही बंद आणि पिशवीही बंद. यातही एक पेच होता. सर्व एकदम बंद केले, तर नेमके कशाने बाधले हे कधीच कळणार नाही. एकेक बंद करून पाहिले असते, तर कदाचित कळले असते, पण त्यात आठवडे गेले असते आणि यकृताला आणखी इजा झाली असती. कारण शोधण्याची आमची उत्सुकता रुग्णाच्या यकृतावर भागवायची नाही, हे ठरवायला वेळ लागला नाही. अवघड गोष्ट वेगळीच होती. ‘बंद करा’ असे सांगून ते घरी खरोखर बंद होईल का?

सहायक डॉक्टरांचे मत स्पष्ट सूचना लिहून द्यावी, असे होते. मला ते पुरेसे वाटले नाही. पिशवीतील प्रत्येक वस्तूमागे घरातील एक माणूस उभा होता: कॅप्सूलमागे मुलगा, गुळवेलीमागे यजमान, गव्हांकुरामागे सासूबाई. आजारी माणसासाठी काहीतरी करता येणे ही त्यांचीही गरज होती. नुसती मनाई केली असती, तर पिशवी आमच्या नजरेआड झाली असती, एवढेच.

कुटुंबाशी बोलणे

रविवारी यजमान, मुलगा, मुलगी आणि सासूबाई असे सगळे आले. रुग्णही बसल्या होत्या. सासूबाईंनी सुरुवातीलाच विचारले, “आमी हळद पिकवणारी मानसं. जन्मापास्नं खातोय. आमाला हळद बाधंल व्हय?”

मी त्यांना हळद बाधली असे म्हटले नाही. त्यांच्या सुनेच्या हाताला सुईतून जे औषध जात होते, तेही झाडाचेच आहे, येथून मी सुरुवात केली. पॅक्लिटॅक्सेल हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका सूचिपर्णी झाडाच्या सालीतून मिळाले. झाडाची साल १९६२ मध्ये गोळा झाली, रेणूची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि औषध म्हणून मान्यता मिळायला १९९२ उजाडले. तो रेणू ज्या दोघांनी वेगळा केला, त्यांतील मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारात जन्मलेले. दारातल्या सदाफुलीतून विनक्रिस्टिन आले, जे आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. कोयनेच्या बाजूला सह्याद्रीत जी नरक्या नावाची वनस्पती आहे, तिच्यात कॅम्प्टोथेसिन सापडते. त्याच रेणूवरून आतड्याच्या कर्करोगावरील इंजेक्शन घडवले गेले. पण सदाफुलीचा पाला चावून रक्ताचा कर्करोग बरा होत नाही, उलट विषबाधा होते. सालीपासून सलाइनपर्यंत जी तीस वर्षे गेली, ती किती मात्रा, किती दिवस, कशासोबत आणि कशासोबत नाही, हे शोधण्यात गेली. कॅप्सूलच्या बाबतीत ते काम तुमच्या घरी, वहिनींवर चालले आहे, एवढेच माझे म्हणणे होते.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, की शेवटच्या लाल इंजेक्शनच्या (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडच्या चौथ्या फेरीच्या) वेळी कॅप्सूल चालू होत्या, तर ते इंजेक्शन वाया गेले का? त्याने स्वतः वाचून काढले होते, की २००२ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात कर्क्युमिनने सायक्लोफॉस्फमाइडचा परिणाम कमी झाला होता. तो अभ्यास खरा आहे. तो स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर झाला होता, आणि माणसांत तसेच घडते असा पुरावा नाही, हे मी त्याला सांगितले. ‘काही झाले नाही’ असे मी म्हणालो नाही, कारण ते मला माहीत नव्हते. आणि ‘वाया गेले’ असेही म्हणालो नाही, कारण तेही माहीत नव्हते. उत्तर त्याला अपुरे वाटले असणार. पण त्या मुलाच्या मनातील अपराधीपणा पाहता, त्याला हेही सांगणे मला आवश्यक वाटले, की त्याच्या बहिणीने खिडकीशी विचारले होते आणि मीच हो म्हटले होते. मुलगी म्हणाली, “मी गोळ्यांचंच विचारत होते, सर. नाव आठवलं नाही म्हणून हळद म्हणाले.”

गुळवेलीच्या बाबतीत यजमानांना आमच्यापेक्षा तालुक्याच्या गावातील त्यांच्या वैद्यांचा शब्द मोठा होता. मी त्यांच्यासमोरच वैद्यांना फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी ते कांड्या घेऊन वैद्यांकडे गेले. वैद्यांनी वेल खरी गुळवेलच असल्याचे सांगितले. पण त्याचबरोबर त्यांनी आमच्याही मनात नसलेली गोष्ट स्पष्ट केली: आपण गुळवेल ज्वरात देतो, ती मात्रा आणि दिवस ठरवून; कावीळ दिसत असलेल्या रुग्णाला, तपासल्याशिवाय, साडेतीन महिने रोज दिलेली वेल ही आयुर्वेदाची चिकित्सा नव्हे. त्या संध्याकाळी काढा थांबला. आमच्या लेखी सूचनेने तो थांबला असता, असे मला वाटत नाही.

बंद काय झाले याबरोबरच चालू काय राहिले, हेही आम्ही लिहून दिले. जेवणातील हळद नेहमीसारखी. गुळण्यांच्या पाण्यात चिमूटभर हळद घालायची असेल, तर हरकत नाही. मळमळीसाठी आले: दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीने केमोथेरपीच्या पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाल्याचे ५७६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत दिसले होते, आणि आमच्या डॉक्टरांना ते मान्य होते, फक्त प्लेटलेट कमी असतील त्या आठवड्यात नाही. गव्हांकुराचा कच्चा रस पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतुसंसर्गाच्या दृष्टीने नको होता. सासूबाईंकडे त्याऐवजी मुगाचे कढण आणि उकडलेली अंडी यांची जबाबदारी आली. लक्ष्मीतरूवर फार बोलावे लागले नाही; तो पाला कोणी दिला हेच घरात कोणाला नीट आठवत नव्हते.

पुढे काय झाले

एका आठवड्याने एसजीपीटी २४० वर आले आणि बिलिरुबिन १.४. भूक परतली. साडेतीन आठवड्यांनी एसजीपीटी ९६ आणि बिलिरुबिन ०.८ होते. पॅक्लिटॅक्सेल पुन्हा सुरू झाले. पहिल्या दोन वेळा पाऊण मात्रेत, मग पूर्ण मात्रेत. दर आठवड्याला यकृताची तपासणी होत गेली आणि आकडे पन्नाशीच्या आत राहिले. बाराही फेऱ्या पूर्ण झाल्या.

पॅक्लिटॅक्सेल पूर्ण मात्रेत परतूनही यकृत शांत राहिले, यावरून दोष एकट्या पॅक्लिटॅक्सेलचा नव्हता असे म्हणता येते. कॅप्सूल की गुळवेल, की दोन्ही मिळून, की पॅक्लिटॅक्सेल आणि पिपरिन यांची जोडी, याचा निर्णय या प्रकरणात लागलेला नाही आणि लागणारही नाही. औषधजन्य यकृतइजेचे कारण ठरवण्याची जी गुणपद्धती वापरतात, तिच्यानुसार पूरक उत्पादनांचा संबंध ‘संभाव्य’ ठरला, ‘निश्चित’ नाही. निश्चित ठरवण्यासाठी ती पुन्हा देऊन पाहावी लागली असती. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे आम्ही प्रतिकूल परिणामाचा अर्ज भरून पाठवला. त्यात बाटलीवरील संपूर्ण मजकूर, तुकडी क्रमांकासह, उतरवला.

रेडिएशनच्या वेळी कॅप्सूलचा प्रश्न पुन्हा आला. कर्क्युमिनने त्वचा कमी भाजते, असे मुलीने वाचले होते. तीस रुग्णांच्या एका चाचणीत २०१३ मध्ये तसे दिसलेही होते. परंतु त्याच संशोधकांनी ६८६ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत, २०१८ मध्ये, फरक आढळला नाही. एखादी गोष्ट तीस जणांत दिसते आणि सातशेंत विरघळते, हे मी तिला दोन्ही आकडे शेजारी लिहून दाखवले. तिने पुढे विचारले नाही.

टॅमॉक्सिफेन सुरू झाल्यावरचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण ती गोळी वर्षानुवर्षे चालणार आणि आता रुग्णालयाची नजर कमी असणार. टॅमॉक्सिफेन यकृतात एंडॉक्सिफेनमध्ये बदलते आणि मुख्य काम तेच करते. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सोळा स्त्रियांमध्ये मोजले, की कर्क्युमिनने एंडॉक्सिफेनचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी आणि पिपरिनसह दिल्यास सुमारे १२ टक्क्यांनी घटते. घट लहान आहे; पण ज्यांच्यात हे रूपांतर मुळातच कमी होते, अशांना ती परवडणारी नाही, आणि आपली रुग्ण त्यांपैकी आहे का, हे आपण तपासलेले नाही. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असेपर्यंत कॅप्सूल नको, असे ठरले. या वेळी हे मी ठरवले नाही. आकडे ऐकून रुग्ण स्वतःच म्हणाल्या, “मग राहू द्या. भाजीतली पुरे.”

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, खिडकीवरील त्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मी ‘कोणती हळद, कशी, किती?’ एवढे विचारायला हवे होते. अर्धा मिनिट लागला असता. सांगली-मिरजेत वाढल्यामुळे हळद हा शब्द मला जितका ओळखीचा आहे, तितकाच तो मला फसवू शकतो, हे मी तोवर ओळखले नव्हते. बाहेरगावचा कोणी माझ्या जागी असता, तर त्याने कदाचित विचारले असते.

दुसरे, एसजीपीटी ७१ आले तो दिवस. तेव्हा पिशवी मागवली असती, तर कॅप्सूल पाच आठवड्यांतच थांबल्या असत्या आणि पॅक्लिटॅक्सेलमध्ये खंड पडला नसता. साडेतीन आठवड्यांच्या खंडाने आजाराच्या दृष्टीने नुकसान झाले की नाही, हे सांगता येणार नाही. पण रुग्णाला त्या काळात जी भीती सोसावी लागली, ती टळली असती. थोडी वाढ दिसली की उपचार थांबवण्याची गरज नसते, विचारण्याची असते. आता आमच्याकडे दीडपट वाढ दिसली तरी ‘पिशवी आणा’ असे सांगितले जाते.

तिसरी गोष्ट वैद्यांची. त्यांना आम्ही अडचण आल्यावर फोन केला. पहिल्या फेरीच्या आधी केला असता, तर त्यांनी गुळवेलीविषयी तेव्हाच सांगितले असते. आपल्याकडे बहुतेक घरांत असा एक विश्वासाचा माणूस असतो, मग तो वैद्य असो वा गावातील डॉक्टर, आणि त्याचे नाव केसपेपरवर लिहिलेले नसते. काही सहकाऱ्यांना यात धोका वाटतो, की आपणच पर्यायी उपचारांना मान्यता देत आहोत. मला तसे वाटत नाही. रुग्ण त्या माणसाकडे जातच असतो. फक्त आपल्याला माहीत नसते.

केसपेपरवरील ‘सहऔषधे’ हा रकाना अजून आहे, कारण तो छापील आहे. त्याच्याखाली आता हाताने एक ओळ लिहिली जाते आणि ती रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवली जाते: “काढा, रस, पूड, पाला, चूर्ण, कॅप्सूल, आणि कोणी प्रेमाने आणून दिलेले दुसरे काही : काय, किती, केव्हापासून, कोणी सांगितले?” उत्तर ‘नाही’ आले, तरी पुढच्या फेरीला ती पुन्हा वाचायची, कारण या घरातील कॅप्सूल तिसऱ्या फेरीनंतर आल्या होत्या.